संसार मोडला तर कुणाच्या वाट्याला काय?
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजचा विषय जरा जड आहे. गावात तो कुणी मोठ्यानं बोलत नाही. पण गटाच्या बैठकीत पैसे मोजून झाले, वही मिटली आणि निम्म्या बायका उठून गेल्या, की मागं राहिलेली एखादी हळूच विचारते, "ताई, समजा काडीमोड झाला, तर मला निम्मं मिळतं ना?"

टीव्हीवरच्या मालिका बघून आपल्याला वाटतं, घटस्फोट झाला की घर, जमीन, पैसा सगळ्याचे दोन वाटे होतात आणि एक बाईच्या हातात पडतो. मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्रात तसा कायदा नाही. ज्याच्या नावावर कागद, त्याची वस्तू. कर्जाचंही तसंच आहे. ज्याची सही, त्याचं देणं.

वाक्य साधं आहे. पण आपल्या घरांमध्ये काय चालतं ते आठवा. जमीन त्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर. आणि कर्ज? कर्ज गटाचं, म्हणजे बाईच्या नावावर! संसार चालू आहे तोवर हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मोडला की त्याच दिवशी ध्यानात येतं.

आमच्या ध्यानात कसं आलं, ते आधी सांगतो.

आमच्या एका गटात अकराजणी आहेत. त्यातल्या एकीला आपण नुसतं ताई म्हणू. लग्नाला नऊ वर्षं झालेली, एक मुलगी, एक मुलगा. तिनं गटातून 72 हजार रुपये कर्ज घेतलं. दोन वर्षांची मुदत, दर महिन्याला तीन हजार मुद्दल आणि वर व्याज. पैसे घेतले नवऱ्याच्या जुन्या टेम्पोसाठी. ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण अर्जात कारण काय लिहिलं? शेळीपालन. का, तर मागच्या अर्जात तेच होतं आणि त्याच्या मागच्यातही तेच. आम्हीच वाचून दाखवलं, आम्हीच ठराव लिहिला आणि अकराही जणींनी सह्या केल्या.

नऊ हप्ते नीट आले. मग घरात भांडणं वाढली, मारहाण झाली, आणि ताई दोन लेकरांना घेऊन माहेरी आली. तिकडं नवऱ्यानं टेम्पो विकून टाकला. आरसी बुक त्याच्या नावावर होतं, त्याला विचारणार कोण? इकडं गटाचे 45 हजार मुद्दल बाकी राहिले. बँकेला ताईशी देणंघेणं नाही. बँकेचं कर्ज गटाला होतं, म्हणजे बाकीच्या दहाजणींनी भरायचं तर प्रत्येकीच्या अंगावर साडेचार हजार आले.

त्या बैठकीत मोठा वाद झाला. एक म्हणाली, "तिनं घेतलं, तिनं फेडावं." दुसरी म्हणाली, "पण टेम्पो चालवला कुणी?" आमच्या गटातल्या सगळ्यात वडील आक्का शांतपणे म्हणाल्या, "वहीत तर शेळ्या लिहिल्यात. टेम्पो कुठाय वहीत?" त्यावर आमच्यातल्या एकीलाही बोलता आलं नाही. चूक ताईची नव्हती, आमची होती.

त्यानंतर आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत चार खेटे घातले, वकीलताईंना विचारलं आणि एकेक गोष्ट समजून घेतली. तीच आज तुम्हाला सांगतो. आधी मालमत्ता, मग कर्ज.

पहिलं, स्त्रीधन. लग्नात, लग्नाआधी, लग्नानंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, पाहुण्यांनी बाईला म्हणून जे दिलं ते तिचं. दागिने, भांडी, कपाट, शिलाई मशीन, रोख भेट, सगळं. ते सासूबाईंच्या पेटीत ठेवलं किंवा नवऱ्याच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की स्त्रीधन पूर्णपणे बाईच्या मालकीचं आहे, सासरच्यांकडं ते फक्त सांभाळायला दिलेलं असतं. मागितल्यावर दिलं नाही तर तो गुन्हा होतो. घटस्फोट होवो न होवो, स्त्रीधन परत मागता येतं.

पण मागायचं तर ते होतं हे दाखवावं लागतं. आपल्याकडं लग्न ठरताना याद्या करतात. त्या यादीचा कागद लग्नानंतर कुठं जातो? बहुतेक घरात तो मामांच्या खिशात विरघळतो. मैत्रिणींनो, लग्नात मिळालेल्या भेटींची यादी ठेवावी असा 1985 पासूनचा सरकारी नियमच आहे. वधूला काय मिळालं त्याची यादी वधूनं ठेवायची. तेव्हा लेकीचं लग्न कराल तेव्हा ती यादी, सराफाच्या पावत्या, दागिने घातलेले फोटो यांची एक प्रत माहेरी ठेवा.

दुसरं, लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तू. फ्रिज, पलंग, असं काही. घटस्फोटाचा निकाल देताना अशा सामाईक वस्तूंचं काय करायचं ते कोर्ट ठरवू शकतं. हिंदू विवाह कायद्यात तशी तरतूद आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना तो कायदा लागतो. मुस्लिम मैत्रिणींसाठी 1986 चा वेगळा कायदा आहे. मेहर आणि लग्नात मिळालेल्या भेटी त्यांच्या स्वतःच्या असतात, त्या मागण्याचा त्यांना हक्क आहे.

तिसरं, जमीन. नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत घटस्फोट घेताना बायकोला वाटा मागता येत नाही. वीस वर्षं त्या रानात खुरपलं असेल, तरी नाही. ऐकायला कडू लागतं, पण खरं आहे. मात्र मुलांचं नातं तुटत नाही. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा जन्मापासून हक्क असतो आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही तितकाच. आई माहेरी आली म्हणून लेकरांचा तो हक्क जात नाही. म्हणून नवऱ्याच्या जमिनीचे गट नंबर लिहून ठेवा आणि सातबाऱ्याचे उतारे काढून ठेवा.

आणि जमीन बाईच्या नावावर असेल तर? तर ती तिची. नवऱ्याला राजीखुशीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हे काम गावोगावी उभं केलं आणि नंतर सरकारनं ते योजनेत आणलं. तलाठ्याकडं चौकशी करा. नवीन जमीन किंवा प्लॉट घेताना तर खरेदीखतातच दोघांची नावं घाला. ते सगळ्यात पक्कं.

चौथं, घर. इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक मालकी, एक राहण्याचा हक्क. घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी जिथं ती संसार करत राहिली, त्या घरात राहण्याचा हक्क 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा बाईला देतो. तिला मनात आलं म्हणून हाकलता येत नाही. कोर्ट तिला तिथं राहू द्या म्हणून आदेश देऊ शकतं किंवा दुसरीकडं राहण्याची सोय करा, भाडं द्या असंही सांगू शकतं. पण तो राहण्याचा हक्क आहे, त्यानं घर नावावर होत नाही. नाव लागतं ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर. ते आताच दोघांचं करून घ्या. पंतप्रधान आवास योजनेचं घरकुल तर पतीपत्नी दोघांच्या नावे मंजूर करायचं, असाच नियम आहे. तुमच्या घरकुलाच्या कागदावर कुणाचं नाव आहे, ते कधी वाचलंय का?

पाचवं, पोटगी. बाईला निम्मी मालमत्ता मिळत नाही, पण नवऱ्याची मालमत्ता किती आहे यावरून पोटगी ठरते. केस चालू असतानाही अंतरिम पोटगी मागता येते. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे "माझ्याकडं काही नाही साहेब" एवढं म्हणून नवऱ्याला सुटता येत नाही. आणि बाईला आपल्या अंगावरचं कर्जही तिथं मांडता येतं. आणखी एक गोष्ट. घटस्फोटाच्या निकालात ठरलेल्या पोटगीचा बोजा नवऱ्याच्या जमिनीवर चढवा, असं कोर्ट सांगू शकतं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर कसा चढतो, ते आपल्याला चांगलं माहीत आहे. वकिलाकडं ही मागणी आठवणीनं करा.

आता कर्जाकडं येतो. खरं दुखणं इथंच आहे.

नवऱ्यानं एकट्यानं काढलेलं कर्ज, ज्यावर तुमची सही नाही, ते तुमचं नाही. सावकाराचा माणूस माहेरच्या दारात येऊन ओरडला, तरी नाही. पण जिथं तुम्ही कर्जदार म्हणून, सहकर्जदार म्हणून किंवा जामीनदार म्हणून सही केली, ते कर्ज तुमचं. पैसे कुणी वापरले, हे बँक विचारत नाही. "जामीन म्हणजे काय, नुसती सही तर केली," असं आपण म्हणतो. कायद्यानं जामीनदार कर्जदाराइतकाच बांधलेला असतो. कोर्टात नवराबायकोनं काही ठरवलं, तरी ते त्या दोघांपुरतं. बँक म्हणते, आमच्या कागदावर तुमची सही आहे, पैसे भरा.

मग करायचं काय? वकीलताईंनी आम्हाला चार गोष्टी सांगितल्या.

एक. घर सोडायची वेळ आली किंवा येईल असं वाटलं, तर सगळ्या कर्जांची यादी करा. बँक, पतसंस्था, विकास सोसायटी, गट, मायक्रोफायनान्स, सोनेतारण. कर्ज कुणाच्या नावावर, बाकी किती, सही कुणाकुणाची, ते लिहा. सोनेतारण नीट बघा. सोनं बाईचं, कर्ज नवऱ्याच्या नावावर आणि पावती त्याच्या खिशात, असंच बहुतेक घरात असतं. सोनं सोडवायला तोच जाऊ शकतो. पावतीचा फोटो तरी काढून ठेवा.

दोन. पुन्हा पुन्हा उचल करता येते अशा खात्याला जामीन असाल, तर इथून पुढच्या उचलीला माझा जामीन नाही, असं बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. आधी झालेल्या कर्जातून सुटका होत नाही, पण नवीन चढत नाही. दोघांचं एकत्र खातं असेल, तर तिथंही लेखी अर्ज द्या.

तीन. दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेत असाल, तर तडजोडीच्या कागदात एकेक कर्ज नाव घालून लिहा. कुठलं कर्ज, बाकी किती, कोण फेडणार, कोणत्या तारखेपर्यंत. "सर्व देणी पती फेडतील" असं मोघम लिहू नका. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढं होकार द्यावा लागतो. कोर्ट ही मुदत कमीही करू शकतं. तो दुसरा होकार ही तुमच्या हातातली किल्ली आहे. त्याआधी कर्ज नील झाल्याचा दाखला मागा. दाखला हातात, मग होकार. वकिलाला आधीच तसं सांगून ठेवा.

चार. पंचांसमोर शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर "आमचा एकमेकांवर काही हक्क राहिला नाही" असं लिहून सह्या करू नका. एखाद्या समाजात रूढीनं काडीमोड होतो, कायदा ती रूढी मानतो, पण ती सिद्ध करावी लागते. एरवी असल्या कागदानं घटस्फोट होत नाही. होतं एवढंच, की बाईच्या हातातलं जे असेल ते गेलं, असं दाखवायला दुसऱ्याला कागद मिळतो. आणि लेकरांच्या पोटगीचा हक्क आईनं लिहून दिला, तरी सुटत नाही, हेही लक्षात ठेवा.

शेजारच्या गोव्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सिंधुदुर्गातल्या कितीतरी लेकी तिकडं दिलेल्या आहेत. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तिथं लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची निम्मी निम्मी धरतात. बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला घर, जमीन विकता येत नाही. पण दोघांच्या संमतीनं काढलेलं कर्जही दोघांचं असतं. म्हणजे तिकडच्या बाईला निम्मं मिळतं, तसं निम्मं फेडावंही लागतं. आपल्याकडं आपण पहिलं न मिळवता दुसरंच अंगावर घेऊन बसलोय.

आता ताईचं काय झालं ते सांगतो. विधी सेवा समितीतून तिला फुकट वकील मिळाली. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्याला उत्पन्नाची अट नाही. तिनं कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला, अंतरिम पोटगी सुरू झाली. टेम्पोचा पुरावा काय, हा प्रश्न आला. आमची वही तर शेळ्या सांगत होती. पण ताईचं पासबुक उपयोगी पडलं. गटाचे पैसे तिच्या खात्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यातले 70 हजार टेम्पोच्या आधीच्या मालकाच्या खात्यात गेले होते. एक ओळ होती पासबुकात. त्या एका ओळीवर नवऱ्याला कबूल करावं लागलं.

पुढं दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला. तोवर ताईनं खुरपणीला, भांगलणीला जाऊन चार हप्ते, म्हणजे 12 हजार मुद्दल फेडलं होतं. राहिलेले 33 हजार आणि त्यावरचं व्याज नवऱ्यानं दुसऱ्या तारखेच्या आधी गटाच्या खात्यात भरायचं ठरलं, आणि त्यानं ते भरलं. मंगळसूत्र पतसंस्थेत गहाण होतं, ते परत आलं, कारण सराफाची पावती तिच्या आईनं जपून ठेवली होती. आजीनं दिलेली ठुशी आली नाही. तिची ना पावती होती ना फोटो. ताई आजही म्हणते, "पैशाचं काही वाटत नाही, ठुशीचं वाटतं."

त्यानंतर आमच्या गटानं काही ठराव केले. अर्जात पैशाचं खरं कारण लिहायचं. टेम्पो तर टेम्पो, बोअर तर बोअर, लेकीचं लग्न तर लग्न. पैसे हातात न देता खात्यावर द्यायचे आणि पुढंही खात्यावरूनच जाऊ द्यायचे. कर्ज बाईच्या नावावर तर त्यातून येणारी वस्तूही तिच्या नावावर, निदान दोघांच्या. पावतीवर नाव तिचं. पैसे नवरा वापरणार असेल, तर गटाच्या कागदावर जामीन म्हणून त्याची सही घ्यायची. आणि वर्षातून एकदा, संक्रांतीच्या महिन्यात, हळदीकुंकवाला सगळ्याजणींनी आपापले उतारे घेऊन यायचं आणि एकमेकींचे वाचायचे.

पहिल्या वर्षी एका सासूबाईंनी आम्हाला दारातच अडवलं. "घरं मोडायला शिकवताय व्हय गं?" आम्ही म्हणालो, "मावशी, तुमचं नाव आहे का हो घराच्या उताऱ्यावर?" त्या गप्प राहिल्या. मामंजी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि वारसनोंदीसाठी त्या अजून हेलपाटे घालत होत्या. पुढच्या बैठकीला त्या स्वतःच कागदांची पिशवी घेऊन आल्या. कागदावर नाव असणं हे काही फक्त भांडणासाठी लागत नाही. नवरा भला असला, संसार सुखाचा असला, तरी माणूस कधी जाईल सांगता येत नाही.

तर मैत्रिणींनो, आज रात्री भांडी घासून झाली की एवढंच करा. ट्रंकेतली, कपाटातली कागदांची पिशवी काढा. लेकीच्या वहीचं एक पान घ्या आणि मधोमध रेघ मारा. एका बाजूला लिहा, माझ्या नावावर काय काय आहे. दुसऱ्या बाजूला लिहा, माझ्या सहीवर किती कर्ज आहे. वाचता येत नसेल, तर लेकीला वाचायला सांगा. दोन्ही बाजू बघा आणि ते पान पुढच्या बैठकीला आणा.

कायद्याची मदत लागली, तर विधी सेवेचा फोन नंबर आहे 15100. मारहाण, धमकी, घराबाहेर काढणं असं काही होत असेल, तर महिलांसाठी 181. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. एकटीला जायला भीती वाटली, तर गटातल्या दोघींना सोबत न्या. आम्ही चौघी गेलो होतो, कुणी हाकललं नाही.

पुढच्या वेळी बोलू माहेरच्या हक्कसोड पत्राबद्दल. भाऊबीजेच्या ओवाळणीत आपण काय सोडून येतो त्याबद्दल. तोवर कागद जपा, एकमेकींना जपा.

नमस्कार.